भारी दिसतं, पण हात बसतो का?

हेडसेट डोळ्यांवर चढवला की पहिल्या दहा सेकंदांत माणसाच्या तोंडून एकच शब्द निघतो, "भारी!" मग हेडसेट घालणारा फर्स्ट इयरचा असो नाहीतर एचओडी. समोर हवेत हृदय धडधडत असतं, हाताने ते उघडता येतं, आत शिरून झडपा मिटताना-उघडताना बघता येतात. बाहेर उभे असलेले लोक हवेत हातवारे करणाऱ्या त्या माणसाकडे बघून हसत असतात, ती गंमत वेगळीच! हल्ली टेक फेस्टमध्ये अशा स्टॉलसमोर रांग लागते, आणि वर "वैद्यकीय शिक्षणासाठी" अशी पाटी असली की परीक्षकसुद्धा दोन मिनिटं जास्त थांबतात.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात (परवा मेसच्या काकांनीच विचारलं, "ते डोळ्याला डबा बांधून काय करता गं?"). डब्याने आजूबाजूचं सगळं झाकून पूर्ण खोटं जग दाखवलं तर ती व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी. खरं जग दिसत राहिलं आणि त्यावर चित्र किंवा आकडे चढले तर ऑगमेंटेड. खऱ्या वस्तू आणि खोट्या वस्तू एकमेकांशी जुळवून घेऊ लागल्या की मिक्स्ड. या सगळ्यांचं मिळून आडनाव एक्सटेंडेड रिअ‍ॅलिटी, म्हणजे एक्सआर. कल्पना अजिबात नवी नाही. आयव्हन सदरलँडने १९६८ मध्ये असा हेडसेट बनवला होता, तो इतका जड होता की छताला टांगावा लागायचा.

आता माझा मुद्दा. वैद्यकीय शिक्षणासाठी एखादी वस्तू बनवली आहे असं आपण म्हणतो, तेव्हा ती बघायला कशी आहे हा प्रश्न फार पुढचा आहे. ती वापरून शिकलेल्या मुलाचा हात बसतो का, आणि बसलेला हात खऱ्या पेशंटवर चालतो का, हे आधी विचारायला हवं. आणि हे आपण विचारतच नाही.

आपल्या रिपोर्टमधलं "रिझल्ट्स" हे चॅप्टर कसं तयार होतं ते हॉस्टेलवर राहणाऱ्या कुणालाही सांगायला नको. सबमिशनच्या आदल्या रात्री विंगमधल्या वीस जणींना उठवायचं. पाच प्रश्नांचा फॉर्म. "तुम्हाला हे अ‍ॅप उपयुक्त वाटले का? एक ते पाच गुण द्या." रूममेटला दुसऱ्या दिवशी आपल्याच स्कूटीवरून स्टँडवर जायचं असतं, ती तीन गुण कशाला देईल? मग बार चार्ट, मग "बहुसंख्य युजर्स अत्यंत समाधानी", मग स्पायरल बाइंडिंग. पण मेकॅनिकलच्या मुलीने हृदयाच्या झडपांबद्दल समाधान व्यक्त केलं, यावरून मेडिकलचा विद्यार्थी काय शिकला हे कळायचं कसं?

पार्किंगच्या अ‍ॅपमध्ये हे चालून जातं, इथे चालत नाही. सर्जरी शिकवण्याची जुनी रीत डॉक्टर मंडळी एका वाक्यात सांगतात: एक बघा, एक करा, एक शिकवा. त्या "एक करा" मधला "एक" म्हणजे कुणाची तरी आई असते. सरकारी दवाखान्यात तर तो "एक" बहुधा असा माणूस असतो ज्याला दुसरीकडे जाणं परवडत नाही. त्याच्या अंगावर होणाऱ्या चुका आधी कुठेतरी करून घ्याव्यात, यासाठी हा सगळा खटाटोप आहे.

हे नीट तपासलेलं एक उदाहरण मला फार आवडतं. २००२ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात सेमूर आणि सहकाऱ्यांनी सर्जरीच्या १६ रेसिडेंट डॉक्टरांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. सगळ्यांना नेहमीचं शिक्षण मिळालं. एका गटाला त्याशिवाय व्हर्च्युअल सिम्युलेटरवर सराव दिला. आणि सराव किती? "दोन तास" असा नाही. आधी अनुभवी सर्जननी त्याच सिम्युलेटरवर काम करून आकडे ठरवून दिले, आणि रेसिडेंट त्या आकड्यांपर्यंत पोचेपर्यंत सराव सुरू ठेवला. म्हणजे टर्म संपली म्हणून टर्म ग्रँट नाही, जमलं तरच ग्रँट! मग सगळ्यांनी खऱ्या पेशंटवर दुर्बिणीतून पित्ताशयाचं ऑपरेशन केलं, त्यातला पित्ताशय यकृतापासून सोडवण्याचा भाग व्हिडिओवर घेतला, आणि कोण कुठल्या गटातला हे माहीत नसलेल्या सर्जननी तो बघून चुका मोजल्या. कुठल्या गोष्टीला चूक म्हणायचं तेही आधीच लिहून ठेवलेलं. निकाल असा की सराव केलेल्यांच्या सरासरी १.१९ चुका, न केलेल्यांच्या ७.३८. पित्ताशयाला इजा करणं किंवा भलतीच जागा जाळणं हे दुसऱ्या गटात पाचपट जास्त. डॉक्टर फक्त १६ होते हे खरं आहे, आणि एवढ्याशा गटावरून जग जिंकल्यासारखं करू नये. पण प्रयोगाची मांडणी बघा. कुणालाही "तुम्हाला कसं वाटलं?" असं विचारून निकाल लावलेला नाही.

आणि या सिम्युलेटरवर दिसत काय होतं? ना पित्ताशय, ना रक्त. साधे गोळे आणि चौकटी! आपल्या फेस्टमध्ये त्याला कुणी उत्तेजनार्थ बक्षीससुद्धा दिलं नसतं. मग त्याने शिकवलं काय? तर दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये जे खरोखर अवघड असतं तेच. अवजार पोटाच्या छोट्या छिद्रातून आत जातं, त्यामुळे ते छिद्र टेकूसारखं काम करतं. बाहेर हात डावीकडे नेला की आतलं टोक उजवीकडे जातं. शिवाय समोर सपाट पडदा, खोली कळत नाही. ही उलटापालट मेंदूत पक्की बसायला गोळेच पुरले.

हे वाचताना मला सुश्रुत आठवला. (आपल्याकडे सगळं आधीच होतं, असं म्हणणाऱ्यांचा क्लब वेगळा आहे, मी त्याची मेंबर नाही.) सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय सरावावरच आहे, सरावाला तिथे "योग्या" असा शब्द आहे. छेद घ्यायचा सराव कोहळा, दुधी, काकडी अशा फळांवर. खरवडायचा सराव केस असलेल्या कातड्यावर. शीर टोचायचा सराव मेलेल्या जनावराच्या शिरेवर किंवा कमळाच्या देठावर. आत काय आहे ते सळईने चाचपायचं असेल तर किडीने पोखरलेलं लाकूड. टाके घालायला जाड कापड. पट्टी बांधायला माणसाच्या आकाराचा बाहुला. म्हणजे हुबेहूब माणूस बनवायच्या फंदात तो पडलाच नाही! प्रत्येक कामात हाताला नेमकं काय जाणवायला हवं ते ओळखलं आणि तेवढंच देणारी वस्तू शोधली. कमळाचा देठ शिरेसारखा दिसत नाही, पण तो पोकळ असतो आणि बोटाखाली निसटतो. आमच्या सिलॅबसमधल्या "रिक्वायरमेंट अ‍ॅनालिसिस"ला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

आपण उलटं करतो. आधी हेडसेट घेतो, मग त्यात काय दाखवू ते शोधतो. हृदय सोपं पडतं, कारण त्याचं थ्रीडी मॉडेल फुकट मिळतं. मग टाके घालायचं अ‍ॅप. टाके घालताना हाताला कातडीचा ताण जाणवतो, दोरा ओढला की ऊती फाटेल का हे बोटं सांगतात. हेडसेटबरोबर येणारा कंट्रोलर फक्त थरथरतो. डोळ्यांना फसवायला सेकंदाला ७२ ते ९० चित्रं पुरतात. डोकं वळवल्यापासून चित्र बदलेपर्यंत साधारण २० मिलिसेकंदांपेक्षा जास्त उशीर झाला की मळमळायला लागतं, पण तेवढं आजचं हार्डवेअर सांभाळतं. हाताला फसवणं मात्र महाकठीण. बळ जाणवून देणाऱ्या यंत्राला सेकंदाला सुमारे हजार वेळा हिशेब करून मोटरला आज्ञा द्यावी लागते, नाहीतर कडक हाड स्पंजासारखं लागतं नाहीतर यंत्र थडथडायला लागतं. कंट्रोल सिस्टिम्सच्या तासाला झोपणाऱ्यांनी (मी दुसरा बेंच बघून बोलतेय) हे लक्षात घ्यावं. थरथरणाऱ्या कंट्रोलरवर टाके शिकलेला मुलगा कंट्रोलर चालवायला शिकतो.

दुसरी एक पळवाट म्हणजे तुलना. नवीन यंत्रावर शिकलेले विरुद्ध काहीच न शिकलेले! २०११ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात कुक आणि सहकाऱ्यांनी सिम्युलेशनवरचे ६०९ अभ्यास एकत्र करून पाहिले. काहीच शिक्षण न देण्यापेक्षा सिम्युलेशनने ज्ञान आणि कौशल्य खूप वाढतं, असं त्यात निघालं. ते निघणारच. पोहायला शिकवलेला न शिकवलेल्यापेक्षा बरा पोहतो. मला हवं असलेलं उत्तर वेगळं आहे: तेवढाच वेळ, तेवढेच पैसे एका चांगल्या शिक्षकाला आणि साध्या मॉडेलला दिले असते तर? साध्या मॉडेलला हसू नका. अमेरिकेत जनरल सर्जनच्या बोर्ड परीक्षेला बसायला लॅप्रोस्कोपीची जी प्राथमिक परीक्षा द्यावी लागते, ती हेडसेटवर होत नाही. ती एका खोक्यात होते. आत कॅमेरा, दोन छिद्रांतून दोन अवजारं, आणि सहा छोट्या वस्तू एका खुंट्यांवरून दुसऱ्या खुंट्यांवर न्यायच्या. असं खोकं आपल्या वर्कशॉपमध्ये एका दिवसात तयार होईल.

शिकणं झालं, आता प्रत्यक्ष ऑपरेशनमधला वापर. मणक्याच्या ऑपरेशनमध्ये सर्जनच्या डोळ्यांसमोर सीटी स्कॅनमधला मणका खऱ्या पाठीवरच दाखवणाऱ्या एका यंत्राला अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०१९ मध्ये परवानगी दिली. ऐकायला किती छान, जणू कातडीच्या आरपार दिसतंय. पण २०१३ साली कॅनडात टोरांटोच्या संशोधकांनी केलेला एक प्रयोग वाचून माझी झोप उडाली. सर्जन आणि शिकाऊ सर्जन यांना मृतदेहावर एंडोस्कोपने ठरावीक जागेपर्यंत पोचायला सांगितलं. काहींना साधं चित्र, काहींना त्यावर शरीररचनेच्या रेषा काढलेलं ऑगमेंटेड चित्र. रेषावाले जास्त अचूक पोचले. लक्ष्यापासूनचं त्यांचं अंतर २.१ मिलिमीटर, साध्या चित्रवाल्यांचं ४.१३. इथे थांबलं असतं तर बार चार्ट काढून पार्टी करता आली असती! पण संशोधकांनी लक्ष्याच्या अगदी जवळ, स्पष्ट दिसेल अशा जागी दोन अनपेक्षित गोष्टी ठेवल्या होत्या: एक गंभीर गुंतागुंत आणि एक चक्क स्क्रू. साध्या चित्रवाल्या १७ पैकी १२ जणांना निदान एक तरी दिसली. रेषावाल्या १५ पैकी फक्त एकाला. आणि ती गंभीर गुंतागुंत? त्यांच्यातल्या एकालाही नाही.

म्हणजे यंत्राने जे दाखवलं ते दिसलं आणि जे दाखवलं नाही ते डोळ्यांसमोर असून दिसलं नाही. संशोधकांनी फक्त अचूकता मोजली असती तर हे कधीच कळलं नसतं. आपण काय मोजायचं ठरवतो त्यावर आपल्याला काय सापडतं हे ठरतं, आणि काय मोजायचं हे ठरवणारा बहुतेक वेळा यंत्र बनवणारा इंजिनिअरच असतो. म्हणजे उद्या आपणच.

पेशंटच्या उपचारासाठीही एक्सआर वापरतात, आणि तिथे मला जास्त आशा वाटते. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी "स्नोवर्ल्ड" नावाचं बर्फाचं जग तयार केलं. ड्रेसिंग बदलताना होणाऱ्या असह्य वेदनांच्या वेळी रुग्ण त्यात शिरतो आणि पेंग्विनवर बर्फाचे गोळे मारत बसतो. लक्ष तिकडे गेलं की दुखणं कमी जाणवतं. इथे हात बसण्याचा प्रश्नच नाही, लक्ष उडवणं हेच औषध! नोव्हेंबर २०२१ मध्ये एफडीएने जुनाट कंबरदुखीसाठी घरी वापरायच्या एका व्हीआर कार्यक्रमाला मंजुरी दिली. त्याच्या चाचणीत १७९ रुग्ण होते आणि दुसऱ्या गटाला नुसतंच सोडलं नव्हतं. त्यांनाही हेडसेट दिला, पण आत उपचार नसलेला सपाट कार्यक्रम. आठ आठवड्यांनी खऱ्या गटातल्या ६६ टक्के लोकांचं दुखणं ३० टक्क्यांहून जास्त कमी झालं होतं. खोट्या गटातल्या ४१ टक्के लोकांचंही! नुसता डबा बांधला तरी शंभरातल्या एकेचाळीस जणांना बरं वाटतं, हे लक्षात ठेवून आपापले "समाधानी युजर्स" परत मोजा.

आता आपल्या इथलं बोलू. एमबीबीएसचा अभ्यासक्रम २०१९ पासून बदलला, कौशल्यांवर भर आला, मेडिकल कॉलेजांना स्किल लॅब लागू लागल्या. लॅब आल्या की खरेदी आली. ही यंत्रं जिथे बनतात तिथले पेशंट आणि आपले पेशंट यांत मोठा फरक आहे. मी पाहिलेल्या डेमोंमधला व्हर्च्युअल पेशंट सुंदर इंग्रजीत सांगतो की त्याला छातीत दाब जाणवतोय आणि डाव्या हातात कळ जातेय. सिव्हिलच्या ओपीडीत असा पेशंट कुणाला भेटलाय? तिथली आजी म्हणते, "बाळा, जीव घाबरा होतोय." कुणी म्हणतं "अंगात कसकस आहे", कुणी "पोटात गुबारा धरलाय", विदर्भातलं कुणी "मळमळून राहिलं". मी स्वतः कॉन्व्हेंटची. "कसकस" म्हणजे ताप येण्याआधीचं ते अंग मोडून येणं, हे मला आजीमुळे माहीत. माझ्याबरोबर शाळेत असलेल्या ज्या मैत्रिणी मेडिकलला गेल्या त्यांना हे शब्द वॉर्डात उभं राहून शिकावे लागले. मराठी बोलणारा, अर्धवट सांगणारा, मध्येच सुनेची तक्रार करणारा व्हर्च्युअल पेशंट कुणी बनवला तर त्याला महागडा हेडसेट लागणार नाही, साधा कॉम्प्युटर चालेल, आणि तो आपल्या मुलांना परदेशी पेशंटपेक्षा जास्त शिकवेल. अर्थात तो जास्त शिकवतो का हेही मोजूनच बघावं लागेल, माझ्या म्हणण्यावर जाऊ नका.

हेडसेटच्या मापाचंही तेच. २०२० मधल्या एका संशोधनात असं दिसलं की हेडसेटमुळे बायकांना जास्त मळमळतं याचं मोठं कारण म्हणजे दोन भिंगांमधलं अंतर त्यांच्या डोळ्यांना जुळेल इतकं कमी होतच नाही. आमच्या विंगमध्ये हे सांगितलं तर एकजात सगळ्या म्हणाल्या, "आणि अंबाड्यावर तो पट्टा बसत नाही ते?" चष्मा, घाम, लाइट जाणं, एकाच हेडसेटला पन्नास जणांचं कपाळ लागणं... हे सगळं तपासणीचाच भाग आहे. कंपनीने वस्तूच बंद केली तर काय, हाही. मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स डॉक्टरांच्या किती प्रयोगांत होता, पण २०२४ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं.

माझी आत्तेबहीण एका सरकारी कॉलेजात इंटर्नशिप करतेय. दिवाळीत भेटली तेव्हा मी तिला मोठ्या उत्साहाने विचारलं, "ताई, तुमच्यासाठी काय बनवू?" मला वाटलं ती मेंदू म्हणेल. ती म्हणाली, "अगं, सलाईन लावायला शिकायचा रबरी हात आहे ना, त्याला इतकी भोकं पडलीयेत की कुठे टोचायचं ते आंधळ्यालाही कळेल. आम्ही शीर शोधायला शिकतच नाही, भोक शोधायला शिकतो. आणि मग पहिल्या दिवशी कॅज्युअल्टीत सुकलेलं पोरगं येतं, त्याची शीर काही केल्या सापडत नाही, पाच वेळा टोचतो, त्याची आई बघत असते." 

यावर मी जो प्रोजेक्ट मांडलाय तो असा. बदलता येणारी सिलिकॉनची कातडी, आत वेगवेगळ्या खोलीवर नळ्या, नळ्यांत लाल शाईचं पाणी. समोर स्टँडवर मोबाइल, त्याच्या कॅमेऱ्यातून हात बघायचा, पडद्यावर शिरेची रेषा आणि सुईचा कोन दिसेल. एक्सआर तेवढंच. रेषा हळूहळू पुसट होत जाईल, कारण टोरांटोचा तो स्क्रू माझ्या डोक्यातून जात नाही. इंटर्नचे दोन गट. एक मोबाइलसकट शिकेल, दुसरा तेवढाच वेळ त्याच हातावर, मोबाइलशिवाय, सीनियरच्या देखरेखीखाली. दोन आठवड्यांनी परीक्षा, दोघांचीही मोबाइलशिवाय, नव्या कातडीवर. मोजायचं काय, तर किती प्रयत्नांत शीर मिळाली. आणि "जमलं" कशाला म्हणायचं हे प्रोफेसर ठरवणार नाहीत, वॉर्डातल्या सिस्टर ठरवतील. ताई म्हणते त्यांच्याइतका बसलेला हात अख्ख्या हॉस्पिटलमध्ये कुणाचा नाही. खऱ्या पेशंटवर आम्ही जाणार नाही. माणसांवर अभ्यास करायचा म्हणजे, अगदी इंटर्नवर असला तरी, एथिक्स कमिटीची परवानगी लागते, तो अर्ज ताईच्या मॅडम बघून देणार आहेत.

मोबाइलवाला गट हरला तर तेही रिपोर्टमध्ये छापायचं, असं आम्ही सुरुवातीलाच लिहून दिलंय. गाइड सर ते वाचून थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सगळं ठीक आहे, पण टायटलमध्ये 'रबरी हात' कसं लिहायचं?" त्यावर अजून तोडगा निघालेला नाही. सिनॉप्सिस पंधरा तारखेला द्यायचाय. आम्ही तिघी आहोत, सिलिकॉन ओतता येणारं मेकॅनिकलचं कुणीतरी हवं आहे. रात्रीच्या मेसला खिडकीजवळच्या टेबलावर भेटा.